चुना विरतो तेव्हा

*"बाई, मी दहावीत आहे, मराठी माध्यम. गणित बरं येतं, पण रसायनशास्त्राचे धडे आले की पोटात गोळा येतो. चिन्हं, संयुजा, अभिक्रियांचे प्रकार, सगळं पाठ करते आणि आठ दिवसांत विसरते. चाचणीत हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी होतं ते समीकरण संतुलित करायचं होतं. मी पाण्याच्या एच टू ओ मधल्या ओ खाली दोन लिहिलं. दोन्ही बाजू जुळल्या, तरी गुण मिळाले नाहीत. का, ते विचारायचा धीर झाला नाही. घरात विज्ञान शिकलेलं कुणी नाही. बाबा गवंडीकाम करतात, आई शिवण करते. आई म्हणते, झेपत नसेल तर अकरावीला आर्ट्‌स घे. मी काय करू?"*
*— एक विद्यार्थिनी, सातारा जिल्हा*

बाळ,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबले: 'घरात विज्ञान शिकलेलं कुणी नाही.' शिकलेलं नसेलही. पण तुझे बाबा रोज सकाळी घमेलं आणि थापी घेऊन जे करायला निघतात, त्यात तुझ्या पुस्तकातले निम्मे धडे आहेत. म्हणून आज त्यांच्याच कामातून तुला सांगते.

आधी गेलेल्या गुणांचं बघू, कारण ते तुझ्या मनात सलतंय. तू जे लिहिलंस त्यात डावीकडे दोन हायड्रोजन, दोन ऑक्सिजन आणि उजवीकडेही तेवढेच. मोजणी अगदी बरोबर. पण उजवीकडे जे तयार झालं ते पाणी राहिलं नाही. एच टू ओ टू म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. औषधाच्या दुकानात जखम धुवायला मिळतं, ते. ते पिता येत नाही. एका छोट्या आकड्याने पदार्थच बदलला.

खालचा छोटा आकडा हा त्या पदार्थाच्या रेणूची घडण सांगतो. त्याला हात लावायचा अधिकार आपल्याला नाही. आपल्या हातात फक्त पुढचा मोठा आकडा, म्हणजे असे रेणू किती घ्यायचे तो. सायकलला चाकं दोन. मला चार चाकं हवी असतील तर मी दोन सायकली मागेन. एकाच सायकलला चार चाकं बसवली तर ती सायकल राहत नाही, गाडा होतो. तुला उजवीकडे ऑक्सिजन दोन हवे होते, तर पाण्याचे रेणू दोन घ्यायचे. मग हायड्रोजन चार झाले, म्हणून डावीकडे हायड्रोजनचेही दोन रेणू. झालं. तुझी चूक मोजणीतली नव्हतीच, कुठला आकडा हलवायचा ते कुणी नीट सांगितलेलं नव्हतं. हे सरांना विचारायला हवं होतंस. पुढच्या वेळी वर्गात नाही जमलं तर मधल्या सुट्टीत विचार, पण विचार.

आता मुख्य गोष्ट. अख्ख्या रसायनशास्त्रात मला एकच कल्पना सगळ्यांत आधी मनात रुजवावीशी वाटते: अभिक्रियेत अणू नाहीसे होत नाहीत, नवे जन्मत नाहीत, फक्त जोडीदार बदलतात. हे एकदा पक्कं बसलं की समीकरण हे कोडं न राहता साधा हिशेब होतो. आणि तू म्हणतेस, गणित बरं येतं.

हे दाखवायला चुन्याइतका चांगला पदार्थ नाही. चुनखडी आपल्याकडे चंद्रपूर-यवतमाळकडे भरपूर आहे. कोकणात आणि गोव्यात शिंपल्या भाजूनही चुना करत. चुनखडी काय, शिंपली काय, अंड्याचं कवच काय, मुख्य पदार्थ एकच, कॅल्शिअम कार्बोनेट. त्याचं सूत्र मोठ्याने वाचायची सवय लाव: 'एक कॅल्शिअम, एक कार्बन, तीन ऑक्सिजन'. अणूंची वस्तुमानं अनुक्रमे ४०, १२ आणि १६. ऑक्सिजन तीन, म्हणून ४८. बेरीज १००. इतका गोल आकडा आयता मिळतो, म्हणूनही मला हे उदाहरण आवडतं.

ही चुनखडी भट्टीत साधारण ९०० अंश सेल्सिअसपर्यंत भाजली की ती फुटते: कॅल्शिअम ऑक्साइड, म्हणजे आपला कळीचा चुना, मागे राहतो आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो. १०० किलो शुद्ध चुनखडीतून ५६ किलो कळीचा चुना मिळतो. उरलेले ४४ किलो कुठे गेले? हवेत. नाहीसे झाले नाहीत. पुस्तकात हेच 'अपघटन' म्हणून आहे, आणि उष्णता द्यावी लागते म्हणून 'उष्माग्राही'.

या ४४ किलोंचा पत्ता लागायला माणसाला शतकानुशतकं लागली. चुनखडी हाताला काही करत नाही, पण भाजलेला चुना कातडी पोळतो. तेव्हा पूर्वी समज असा होता की भट्टीतल्या आगीचंच काहीतरी चुन्यात शिरतं आणि ते पोळतं. स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅक यांनी तराजू हातात घेतला आणि १७५६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून उलटंच दाखवलं: भाजल्यावर चुन्यात काही शिरत नाही, त्यातून एक वायू निघून जातो. वजन कमी होतं ते त्यामुळे. तोच कार्बन डायऑक्साइड. आणि फ्रान्सच्या ज्या लाव्हाझिएंनी द्रव्य अक्षय्यतेचा, म्हणजे अभिक्रियेत एकूण वजन तेवढंच राहतं हा, नियम नीट बसवून दिला, त्यांनी १७८९ साली मूलद्रव्यांची यादी केली तेव्हा तीत चुनाही होता! तो आणखी फोडायचं साधनच त्या वेळी नव्हतं. तो संयुग असावा अशी शंका मात्र त्यांना होती. पुढे १८०८ साली हम्फ्री डेव्ही यांनी विजेच्या साहाय्याने त्यातला धातू वेगळा काढला. चुन्याला लॅटिनमध्ये 'काल्क्स' म्हणतात, त्यावरून त्या धातूचं नाव पडलं कॅल्शिअम. मूलद्रव्य कोणतं आणि संयुग कोणतं हे ओळखताना तुझा गोंधळ होत असेल, तर लाव्हाझिएंनाही तिथे अडखळावं लागलं होतं हे लक्षात ठेव.

आता बाबांना विचार, कळीचा चुना विरवताना कधी पाहिलाय का. आमच्या गावी दिवाळीआधी घर पांढरं करायला माझे आजोबा अंगणात पिंपात चुना विरवायचे. पांढरे, दगडासारखे कोरडे खडे. त्यावर पाणी ओतलं की क्षणभर काही नाही. मग आतून फुसफुस ऐकू यायची, खडे तडकायचे, वाफ निघायची आणि पाणी अक्षरशः रटरटायला लागायचं. खाली जाळ नाही, काही नाही. आम्हा पोरांना आजोबा लांब उभं करायचे आणि ते बरोबरच होतं, कारण तो शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा जातो. तूही हा प्रयोग घरी करायचा नाहीस, फक्त विचारायचं. इथे कॅल्शिअम ऑक्साइड आणि पाणी एकत्र येऊन कॅल्शिअम हायड्रॉक्साइड झालं. दोघांचं एक झालं, म्हणून 'संयोग', आणि उष्णता बाहेर पडली म्हणून 'उष्मादायी'. हिशेब: ५६ किलो चुन्याने १८ किलो पाणी घेतलं, ७४ किलो विरलेला चुना झाला.

तो चुना वाळूत कालवून भिंतीला लावला की पुढे तो हळूहळू हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि पाणी सोडतो. ७४ किलो चुना ४४ किलो वायू घेतो, १८ किलो पाणी सोडतो, उरतात किती? १००. पुन्हा कॅल्शिअम कार्बोनेट. भट्टीत जो दगड फोडला होता, तोच भिंतीवर पुन्हा दगड झाला. भट्टीतून गेलेले ४४ परत आले, विरवताना घेतलेले १८ परत गेले. घाणीत दळून मळलेला चुना वापरलेले जुने वाडे बघ, त्यांच्या भिंतीत खिळा ठोकताना हात दुखतो, तो यामुळे.

ही तीन समीकरणं वहीत शब्दांत लिही आणि प्रत्येक ओळीखाली अणू मोज. कॅल्शिअमचा अणू पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तसाच चालत येतो, फक्त त्याची सोबत बदलते. हे बोट ठेवून बघितल्याशिवाय पुढच्या धड्याला जाऊ नकोस.

संयुजेचं तू विचारलंस. संयुजा म्हणजे अणूचे हात समज. कॅल्शिअमचे हात दोन. का दोन? त्याच्याकडे इलेक्ट्रॉन २०, मांडणी २, ८, ८, २. शेवटच्या कक्षेतले ते दोन देऊन टाकले की आत आठचा भरलेला संच उरतो. ऑक्सिजनची मांडणी २, ६, त्याला आठ व्हायला दोन हवेत. एकाला दोन द्यायचेत, दुसऱ्याला दोन घ्यायचेत, म्हणून एकास एक अशी जोडी जमते. हायड्रॉक्साइड गटाला एकच हात, म्हणून एका कॅल्शिअमला दोन हायड्रॉक्साइड लागतात आणि सूत्रात तो कंस येतो. कंस आला की मुली घाबरतात. त्याचा अर्थ एवढाच, की आतला अख्खा गट दोनदा आहे.

आणि आवर्तसारणीत कॅल्शिअमच्या उभ्या रांगेत वर मॅग्नेशिअम, खाली स्ट्रॉन्शिअम, बेरिअम. सगळ्यांचे हात दोन. म्हणजे रांग कळली की संयुजा वेगळी पाठ करायला नको. रशियाच्या मेंडेलिव्ह यांनी १८६९ मध्ये ६३ मूलद्रव्यं मांडली ती अशाच नात्यांवरून, आणि जिथे नातेवाईक सापडला नाही तिथे जागा मोकळी सोडली. त्या मोकळ्या जागांना नावं देताना त्यांनी आपला 'एक' वापरला, संस्कृतमधला: एका-ॲल्युमिनिअम, एका-सिलिकॉन. १८७५ साली गॅलिअम सापडलं आणि ॲल्युमिनिअमखालच्या त्या जागेत जाऊन बसलं. शोधणाऱ्याने त्याची घनता आधी ४.७ सांगितली. मेंडेलिव्ह म्हणाले, पुन्हा मोजा, ५.९ च्या आसपास यायला हवी. पुन्हा मोजली, तर तेवढीच आली. हा प्रसंग वर्गात सांगताना अजूनही माझ्या अंगावर काटा येतो.

काही गोष्टी मात्र पाठ कराव्याच लागतात, खोटं सांगत नाही. हायड्रोजनपासून कॅल्शिअमपर्यंतची पहिली २० मूलद्रव्यं क्रमाने, त्यांची चिन्हं, आणि सल्फेट, नायट्रेट, कार्बोनेट, हायड्रॉक्साइड असे पाच-सहा गट. रोज चार करून आठवड्यात होतात. सोडिअमचं चिन्ह एनए आणि लोखंडाचं एफई का, असं वाटत असेल तर ती लॅटिन नावं आहेत, नेट्रियम आणि फेरम. कारण कळलं की चिन्ह टिकतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी मुलांना संयुजांचा तक्ता पन्नास-पन्नास वेळा लिहायला लावला होता. त्यातल्या एकालाही महिन्याने काही आठवत नव्हतं. त्या मुलांचा वेळ मी वाया घालवला याचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून तुला तेच करू नकोस म्हणते आहे.

मिश्रण आणि संयुग यातला फरक तर तुझे बाबा तुझ्या सरांइतकाच चांगला सांगतील. त्यांना विचार, वीटकामाला माल किती घेता? म्हणतील, एकास सहा. गिलाव्याला? एकास चार. कामाप्रमाणे प्रमाण बदलतं, कारण सिमेंट-वाळू कोरडी कालवली तर ते मिश्रण आहे. पण चुनखडीत कॅल्शिअम १०० पैकी ४० भाग, कार्बन १२, ऑक्सिजन ४८. चंद्रपूरची असो की समुद्रातली शिंपली, शुद्ध असेल तर हे प्रमाण कुणाच्या मर्जीने बदलत नाही. हाच स्थिर प्रमाणाचा नियम.

आणखी एक विचार त्यांना: स्लॅब टाकल्यावर इतके दिवस पाणी का मारता, गोणपाटं भिजवून का ठेवता? पुष्कळ लोकांना वाटतं की सिमेंट वाळून घट्ट होतं. तसं असतं तर पाणी मारणं उलटंच ठरलं असतं. सिमेंटची पाण्याबरोबर अभिक्रिया होते आणि तिच्यातून ते जमतं. पाणी तिथे अभिक्रियाकारक आहे, ते आधीच उडून गेलं तर अभिक्रिया अर्धवट राहते आणि स्लॅब कच्चा. बाबांच्या हातांकडेही बघ एकदा. बोटांची पेरं फाटलेली असतील. ओलं सिमेंट चुन्यासारखंच तीव्र आम्लारिधर्मी असतं, ते कातडी खातं. काम संपल्याबरोबर भरपूर स्वच्छ पाण्याने हात धुवायचे, मग खोबरेल लावायचं, आणि जमेल तेव्हा रबरी हातमोजे घालायचे. आम्ल-आम्लारीच्या धड्यातलं हे पहिलं घरी उपयोगी पडणारं ज्ञान.

गंजाचं समीकरण बाबांच्या सळईवर करून बघ. गंजात लोखंडाचे हात तीन, ऑक्सिजनचे दोन, म्हणून आयर्न ऑक्साइडमध्ये लोखंड दोन आणि ऑक्सिजन तीन. (खऱ्या गंजात पाण्याचाही अंश असतो, तो सध्या बाजूला ठेवू.) हवेतला ऑक्सिजन जोडीने येतो. दोन आणि तीन कुठे भेटतात? सहाला. म्हणून ऑक्सिजनचे तीन रेणू, ऑक्साइडची दोन सूत्रं, मग लोखंड चार. लसावि काढता येतो ना? मग संतुलनही येतं. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून जुन्या स्लॅबचे पोपडे आतून फुटून पडतात.

विस्थापनासाठी द्राक्षबागेत चल. बुरशीविरुद्ध फवारतात त्या बोर्डो मिश्रणाला एक किलो मोरचूद (म्हणजे कॉपर सल्फेट), एक किलो चुना आणि १०० लिटर पाणी. चुना पुरेसा पडला का ते बघायला बागायतदार स्वच्छ घासलेलं लोखंड, विळा नाहीतर खिळा, त्यात बुडवतात. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, आणखी घालायचा. तो तांबूस थर म्हणजे तांबंच. लोखंड तांब्यापेक्षा क्रियाशील, ते द्रावणात उतरलं आणि तांब्याला बाहेर काढलं. पुस्तकात हाच प्रयोग परीक्षानळीत दिलाय.

एवढं सगळं वाचून झालं की या रविवारी एक कर. पानाच्या टपरीवरून खायच्या चुन्याची डबी आण. हरभऱ्याएवढा चुना पेलाभर पाण्यात ढवळ आणि तासाभराने वरची चुन्याची निवळी अलगद दुसऱ्या पेल्यात काढ. त्यात स्ट्रॉने हळू फुंक. फुंकायचंच, ओढायचं नाही, आणि तोंड पेल्याच्या फार जवळ नको. तुझ्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने ती निवळी दुधासारखी पांढरी होईल. उरलेली निवळी स्टीलच्या ताटलीत ओतून रात्रभर उघडी ठेव. सकाळी वर सायीसारखा पातळ पापुद्रा धरलेला दिसेल. टोकदार काडीने हलवलास तर त्याचे तुकडे होऊन तरंगतात. तो पापुद्रा म्हणजे तू तुझ्या स्वयंपाकघरात हवेपासून तयार केलेली चुनखडी. हात नंतर धुऊन टाक.

राहिला अकरावीचा प्रश्न. आईची काळजी खरी आहे, तिच्यावर रागावू नकोस. आर्ट्‌स चांगलंच आहे, इतिहास किंवा भाषा मनापासून आवडत असेल तर जरूर घे. पण एका चाचणीतल्या दोन गुणांच्या भीतीने घेऊ नकोस. अकरावीच्या विज्ञानात रसायनशास्त्र जास्त येतं, आणि त्यात हिशेब पुष्कळ असतो. तुझ्यासारख्या गणित येणाऱ्या मुलीला तो जड जाऊ नये असं मला वाटतं. सहामाहीपर्यंत वर सांगितलं तसं अणू मोजत अभ्यास कर, मग आई-बाबांबरोबर बसून ठरव. आईला हे पत्र वाचून दाखव. बाबांना चुन्याचं विचारशील तेव्हा ते जे सांगतील ते वहीत त्यांच्याच शब्दांत उतरवून घे आणि मला पाठव. मला चुना विरवलेला बघून चाळीस वर्षं झाली, त्यांच्याकडून ऐकायला आवडेल.

तुझी,
विज्ञानाच्या बाई